खांदेदुखी आणि वेदनाशामक औषधांचा सुजाण वापर
(गळीत हंगामापूर्वी भरलेल्या आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलाल, असे विश्वस्तांनी विचारले तेव्हा हृदयविकार, मधुमेह, कर्करोग असे भारदस्त विषय समोर होते. मी खांदेदुखी मागून घेतली. खांदा दुखतो म्हणून कोणी दगावत नाही, अशी आपली समजूत आहे आणि ती बहुतांशी खरीही आहे. परंतु खांदा दुखतो म्हणून घेतलेल्या गोळीपायी मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलेली माणसे मी याच रुग्णालयात पाहिली आहेत. म्हणून आज हा विषय.

आपल्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, आणि खांद्याचा संबंध जुना आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर उत्तरेकडच्या तालुक्यांत ऊस वाढत गेला आणि तो तोडण्यासाठी पाथर्डी, शेवगाव या दुष्काळी तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून माणसे येऊ लागली. साखरेचा इतिहास लिहिताना भांडवल, सहकार, पाटबंधारे यांचा उल्लेख होतो. खांद्याचा होत नाही. पहाटेपासून कोयता चालतो, म्हणजे एकाच खांद्याची एकच हालचाल दिवसभरात अगणित वेळा होते. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, ती सावरण्यासाठी दोन्ही हात वर धरायचे आणि अरुंद फळीवरून गाडीवर चढायचे. यातला मोळ्या वाहण्याचा मोठा वाटा स्त्रिया उचलतात. कांद्याच्या मार्केटमधले हमाल, डाळिंबाच्या बागेत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे, घरांना रंग देणारे कारागीर हे सर्व आमच्या बाह्यरुग्ण विभागात एकाच तक्रारीने येतात : “हात वर जात नाही.”

त्यांपैकी एका गृहस्थांची हकीकत सांगतो. वय पन्नाशीच्या पुढे, टोळीतले सर्वांत जाणते तोडकरी. त्यांना आमच्याकडे आणले ते खांद्यासाठी नव्हे. तीन दिवस उलट्या, पायांवर सूज आणि लघवी जवळजवळ बंद, अशा अवस्थेत. रक्तातील क्रिएटिनिन तपासले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडांचे काम फार खालावलेले आढळले. रक्तदाबाची गोळी चालू होती. आणखी काही औषध घेता का, असे विचारले, तर “नाही” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने कोपीतून पिशवी आणली. तिच्यात डायक्लोफेनॅकच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. दीड महिना, रोज सकाळी एक आणि रात्री गाडी भरायची असेल तर आणखी एक. बहुधा काळ्या चहाबरोबर, उपाशीपोटी. मी जरा रागावूनच विचारले, “बाबा, हे औषध नाही का?” ते म्हणाले, “साहेब, औषध आजारी माणूस घेतो. मी तर कामावर जात होतो. गोळी घेतली की हात उठतो. नाही घेतली तर खाडा पडतो.”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या दृष्टीने ती गोळी कोयत्यासारखी होती, कामाचे एक हत्यार. उचल घेतलेल्या माणसाला खाडा म्हणजे मजुरी बुडून वर दंड. त्याला “विश्रांती घ्या” एवढे लिहून दिले की डॉक्टरांचे कर्तव्य संपले, असे मला वाटत नाही. सुदैवाने गोळी बंद करून, सलाईन देऊन व वेळीच उपचार करून त्यांचे मूत्रपिंड सावरले. सगळ्यांचे सावरत नाही.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वाळुंजाच्या जातीच्या विलो नावाच्या झाडाची साल तापावर गुणकारी आहे, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. त्याच परंपरेतून पुढे १८९७ साली जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केले. जगभर माणसे ते घेत राहिली. पण ते शरीरात नेमके काय करते, हे उमगायला १९७१ साल उजाडावे लागले. जॉन व्हेन या शास्त्रज्ञांनी दाखविले की ही औषधे शरीरात ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या शोधासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सर्व पुढची भावंडे याच मार्गाने काम करतात.

आता खरी मेख अशी की, ही द्रव्ये दुखऱ्या खांद्यात सूज आणि ठणका निर्माण करतात, तीच जठरात आम्लापासून आतील अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. गोळीला खांदा कोठे आणि जठर कोठे, हे कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे तेच करते. एवढे लक्षात आले, म्हणजे दोन गैरसमज आपोआप दूर होतात. पहिला, “जेवणानंतर घेतली की काही होत नाही.” जेवणानंतर घ्यावी हे खरे, त्याने मळमळ व जळजळ कमी होते, परंतु जठरव्रणाचा धोका त्याने टळत नाही, कारण इजा गोळीच्या स्पर्शाने थोडी आणि रक्तातून अधिक होते. दुसरा, “पोटाला त्रास होतो म्हणून सुई घेतो.” सुईतले डायक्लोफेनॅकही रक्तातच जाते. दंडात घ्या वा कमरेत, जठरापर्यंत ते पोहोचतेच. सुईचा आग्रह धरणाऱ्यांना मी हे अनेकदा समजावून सांगतो. यश बेताचेच येते.

मूत्रपिंडाविषयी एक विषयांतर करतो. येथे बसलेल्या जुन्या मंडळींना ते पटेल. आपल्या लहानपणी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडांचे थवे उतरत. १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन प्रमुख जातींची संख्या ९७ टक्क्यांहून अधिक घटली. काहींनी रोगराईला दोष दिला, काहींनी कीटकनाशकांना. २००४ साली संशोधकांनी कारण दाखवून दिले : दुखणाईत गुराढोरांना टोचलेले डायक्लोफेनॅक. त्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांतच निकामी होत असे. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जातात हे पाहून २०१५ मध्ये कुपीचा आकार एका मात्रेपुरता मर्यादित करण्यात आला. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही. आपण ते औषध पचवितो व बाहेर टाकतो. तेव्हा घाबरून जाऊ नये. परंतु ज्या अवयवावर गिधाडाचा जीव गेला, तोच अवयव आपल्याही बाबतीत जपावयाचा आहे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांतही ऊसतोडणी कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा विकार मोठ्या प्रमाणात आढळतो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरुण वय, आणि मूत्रपिंड मात्र खराब. त्याचे पूर्ण कारण अजून उलगडलेले नाही. रणरणत्या उन्हात पाण्यावाचून केलेली कष्टाची कामे हे मुख्य कारण मानले जाते आणि वेदनाशामक गोळ्यांचा त्यात हातभार असावा, असा संशय आहे. पिण्याचे पाणी, सावली व ठराविक विश्रांती यांची सोय केल्यावर मूत्रपिंडावरील आघात कमी झाल्याचे तेथे दिसून आले. आपल्याकडील मुकादम मंडळींनी आणि कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी याची दखल घ्यावी. पाण्याचे टँकर आणि चहाच्या वेळेला पंधरा मिनिटांची सावली यांना फार पैसे लागत नाहीत.

तिसरा अवयव हृदय. जठराला त्रास देणार नाहीत अशी नवी वेदनाशामके १९९९ च्या सुमारास बाजारात आली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे औषध तर घरोघरी पोहोचले. पुढे, ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके व पक्षाघात वाढतात, हे सिद्ध झाले आणि सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. भारतातही त्याच वर्षी त्यावर बंदी आली. जुन्या गोळ्याही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाहीत, आणि डायक्लोफेनॅकच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच हवी. ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात नळी बसविली आहे किंवा ज्यांचे हृदय दुर्बल आहे, त्यांनी खांद्यासाठी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रक्त पातळ राहण्यासाठी अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तिच्या जोडीला आयबुप्रोफेन घेतल्यास अ‍ॅस्पिरिनचा हृदयाला होणारा उपयोग कमी होऊ शकतो आणि रक्तस्रावाची भीती मात्र वाढते.

मग या गोळ्या घेऊच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. मी स्वतः त्या रोज लिहून देतो. अचानक लचकलेला, सुजलेला खांदा चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी निवतो, रात्रीची झोप लागते आणि व्यायाम सुरू करता येतो. एवढ्यासाठी त्या उत्तम आहेत. कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस, हे त्यांच्या वापराचे सूत्र. निरोगी प्रौढ माणसाला डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, फार तर तीनदा; दिवसभरात १५० मिलिग्रॅमच्या पुढे कदापि नाही. एका आठवड्यात आराम पडला नाही, तर गोळ्या वाढवू नयेत. निदान तपासून घ्यावे. साठी ओलांडलेल्यांना, पूर्वी जठरव्रण झालेल्यांना किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांना ही गोळी देणे भागच पडले, तर आम्ही जोडीला आम्ल कमी करणारे औषध देतो. ते जठर राखते. मूत्रपिंड आणि हृदय राखत नाही, हे विसरू नये.

रक्तदाबाच्या रुग्णांना एक खूण सांगतो. आपल्या गोळीचे मूळ नाव ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ या अक्षरांनी संपत असेल, उदाहरणार्थ एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, आणि जोडीला लघवी वाढविणारे औषध चालू असेल, तर वेदनाशामक गोळी ही मूत्रपिंडावर पडणारी तिसरी काठी ठरते. आमच्या त्या गृहस्थांचे हेच झाले होते. रक्तदाबाची गोळी दोन औषधांची मिळून बनलेली होती, त्यांना ते ठाऊक नव्हते. वर उन्हातले काम, घाम आणि दिवसाला दोन तांबे पाणी. शिवाय या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, तो वेगळाच. जुलाब-उलट्या चालू असताना त्या घेऊ नयेत. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात तर मुळीच घेऊ नयेत, कारण रक्तस्राव होऊ शकतो. गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज त्या वर्ज्य समजाव्यात. ज्यांना अशा गोळीने पूर्वी कधी दमा उसळला असेल, त्यांनी ते प्रत्येक डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या सर्वांना तुलनेने सौम्य पर्याय म्हणजे पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, सहा-सहा तासांच्या अंतराने. चोवीस तासांत आठ गोळ्यांची मर्यादा निरोगी माणसासाठी आहे, अशक्त आणि मद्यपान करणाऱ्यांसाठी ती बरीच खाली येते, नाहीतर यकृताला इजा पोहोचते. सूज उतरविण्याचा गुण तिच्यात फारसा नाही, पण पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते.

औषधविक्रेते बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. डायक्लोफेनॅक हे चिठ्ठीवाचून देण्याचे औषध नव्हे, हे आपणास माझ्याइतकेच ठाऊक आहे. समोर उभा असलेला मजूर घाईत असतो, दवाखान्याची फी त्याला परवडत नाही, आपण दोन गोळ्या कापून देता आणि तो दुवा देतो. त्यात आपला हेतू चांगला असतो, हे मी नाकारत नाही. परंतु कापून दिलेल्या तुकड्यावर ना नाव राहते ना तारीख. पुढे आमच्यासमोर तो बेशुद्धावस्थेत येतो तेव्हा त्याने काय घेतले, हे कोणालाच सांगता येत नाही. निदान “रक्तदाब आहे का, लघवीचा त्रास आहे का, काळी शौच होते का” एवढे तीन प्रश्न विचारावेत. तसेच मिश्र गोळ्यांचे. एका गोळीत अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरविणारे म्हणून आणखी काही. त्या तिसऱ्या घटकाच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. रुग्ण एका डॉक्टरांची एक आणि दुसऱ्या डॉक्टरांची दुसरी अशा वेगळ्या रंगांच्या गोळ्या घेतो आणि आत एकच औषध दुप्पट गेलेले असते. नाव वेगळे, खोके वेगळे, औषध तेच. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या पुडीने वर्षानुवर्षांचे दुखणे दोन दिवसांत पळते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता दाट असते.

आता मूळ खांद्याकडे येतो. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. म्हणूनच हात सर्व दिशांनी फिरतो, आणि म्हणूनच तो चेंडू जागेवर धरून ठेवण्याचे सारे ओझे भोवतालच्या चार लहान स्नायूंवर पडते. त्यांचे पट्टे वरच्या हाडाखालून जातात. हात सतत उंच राहिला की ते तेथे घासले जातात, सुजतात, झिजतात आणि कधी फाटतात. गोळीने ठणका थांबतो, झीज थांबत नाही. उलट, दुखणे हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो दाबून फाटक्या पट्ट्यानिशी मोळी उचलली, तर फाटलेले अधिक फाटते. मधुमेही रुग्णांत खांदा आखडण्याचे प्रमाण मोठे आहे. हात मागे नेऊन वेणी घालता येत नाही, सदऱ्याची बाही चढविता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, अशी तक्रार असेल तर रक्तातील साखर तपासल्यावाचून गोळ्या घेत राहू नये. कित्येकांचा मधुमेह आम्हाला खांद्यावरूनच सापडला आहे. आणि सारीच खांदेदुखी खांद्यातली नसते. मानेच्या मणक्यातली कळ खांद्यात उतरते, पित्ताशयाची उजव्या खांद्यात जाणवते. डावा खांदा दुखत असून दरदरून घाम, छातीवर दडपण किंवा धाप असेल, तर गोळी शोधत बसू नये, गाडी शोधावी.

खांद्यासाठी खरा उपचार पुष्कळदा फुकटचा असतो. टेबलावर निरोगी हात टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके झुलवा, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे. भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर न्या. जेथे दुखेल तेथे थांबा, उद्या एक बोट पुढे. नव्या दुखापतीला पहिले दोन दिवस बर्फ, जुन्या आखडलेल्याला गरम पाण्याचा शेक. चोळण्याच्या मलमातले डायक्लोफेनॅक रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून ते गोळीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते. खांदा खोल असल्याने गुडघ्याइतका गुण येत नाही, तरी वयस्कर रुग्णांना मी ते आधी देतो. मोळी लहान बांधावी, आणि दुखऱ्या खांद्याच्या माणसाने काही दिवस तोडणी करावी, भरणी जोडीदाराने. टोळीने ठरविले तर हे जमते, असे मी पाहिले आहे. एवढ्याने न भागल्यास सांध्यात एकदाच स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. ते तज्ज्ञाने द्यावे. मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढते, तेवढे सांभाळावे लागते.

आरोग्यसेविका भगिनींना मी जामखेडची आठवण देतो. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आपल्याच जिल्ह्यात काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतपण आणि जुलाबासारख्या जीवघेण्या गोष्टी त्या स्त्रिया शिकल्या. गोळीच्या पट्टीवरचे नाव ओळखणे त्याहून अवघड नाही. पुढच्या महिन्यात टोळ्या कारखान्यांकडे निघतील. त्याआधी आपल्या गावातल्या प्रत्येक तोडकऱ्याचा रक्तदाब मोजून घ्यावा. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांना अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल सुचवावे आणि काळी डांबरासारखी शौच, कॉफीच्या रंगाची उलटी, पायांवर सूज, लघवी कमी, डोळे पिवळे, यांपैकी एकही खूण दिसली तर हंगामाची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जाण्यास सांगावे.

ते गृहस्थ गेल्या हंगामात पुन्हा तोडणीला गेले. जाण्यापूर्वी मोळी लहान ठेवण्याबद्दल मुकादमाशी बोलून आले आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या किती घ्यायच्या, ते मुलाकडून वहीत लिहून घेतले. क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितले आहे. दोनदा आले, तिसऱ्यांदा राहून गेले.

आज ज्यांनी घरच्या गोळ्यांची पिशवी बरोबर आणली आहे, त्यांनी ती बाहेरच्या टेबलावर आमच्या औषधनिर्मात्यांना दाखवावी. एकाच औषधाच्या दोन पट्ट्या निघाल्या तर संकोच करू नये.